शंभर घरचे तांदूळ

"रस्ता मला विचारायचा! डोळे बांध माझे, साडेदहाच्या ठोक्याला आईच्या दारात गाडी उभी करतो!" असं म्हणून शानबाओने छाती ठोकली, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, युएशियांगने, लगेच कपाळावर हात मारून घेतला. नोंगांच्या घरात हे ठरलेलंच. त्याने छाती ठोकली की ताईने कपाळ ठोकायचं.

धाकटी छ्यूलिंग मागच्या सीटवरून म्हणाली, "दादा, फोनवर नकाशा लावू का?"

"नकाशा? अगं, मी त्या डोंगरात जन्मलो! नकाशाला काय कळतंय?"

नकाशाला बरंच कळत होतं, पण ते नंतर.

तर त्या दिवशी हे तिघे नाननिंग शहरातून पहाटेच निघाले होते. जायचं होतं लोंगचोऊच्या पलीकडे, व्हिएतनामच्या सीमेला अगदी चिकटलेल्या आपल्या गावी. आईचा शिधा भरायला! म्हातारं माणूस खचायला लागलं की त्याचा वरचा, स्वर्गातला शिधा सरत आलाय असं समजायचं, ही आमच्याकडची रीत. मग शंभर घरचे मूठमूठ तांदूळ गोळा करायचे आणि मुलांनी आपल्या हातांनी म्हातारीच्या उशाशी ठेवलेल्या रांजणात ओतायचे. रांजण भरला की आयुष्य भरलं.

गेल्या हिवाळ्यात आई दीड महिना अंथरुणाला खिळली होती. रांजणात हात घालून तिने तळ खरवडला आणि शांतपणे म्हणाली, "संपलं रे माझं." शानबाओ मोठ्याने हसला, "काहीतरीच तुझं!" म्हणाला, आणि स्वयंपाकघरामागे जाऊन ढसाढसा रडला. नाननिंगमध्ये घरोघर पाण्याचे बुधले पोचवणारा एक्केचाळीस वर्षांचा धटिंगण! तेव्हापासून या दिवसावर त्याचा जीव टांगला होता.

छ्यूलिंगने आपल्या इमारतीतली शंभर घरं एका संध्याकाळी पालथी घातली होती. लिफ्टने वर जायचं, मूठ घ्यायची, खाली यायचं. बांबूची टोपली भरली, वर लाल फडकं बांधलं, गाडीत मागे ठेवली. मागच्या दाराची कडी तुटलेली होती. तिथे शानबाओने दोरी बांधली.

"टिकेल का रे?" ताईने विचारलं.

"माझी गाठ आहे ती, ताई!"

ताईने पुन्हा कपाळाला हात लावला.

लोंगचोऊ सोडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग शानबाओला जवळची वाट आठवली. डोंगराच्या कडेने, उसाच्या शेतांतून. वाट होती खरी, पण तीस वर्षांपूर्वी होती! आता तिथे नुसते खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या मध्ये आठवणीपुरता रस्ता.

फोन वाजला. आई!

"कुठे आहात रे? मंत्रवाल्या आजींनी गाणं सुरू केलं. घोडे निघाले सुद्धा!"

हे घोडे गाण्यातले. आजी घुंगरू बांधलेलं वाद्य मांडीवर घेऊन गातात, घोडे शिधा आणायला स्वर्गात जातात, आणि गाण्यात घोडे अंगणात परत आले रे आले की तांदूळ ओतायचे. हे गाणं मध्ये थांबवता येत नाही. घोडे रिकाम्या पाठीने परतले तर संपलंच!

"आलोच, आई! पोचलोच!" असं ओरडून शानबाओने चढावर गाडी दामटली. गाडीने असा काही आचका दिला की ताईचे दात वाजले. वळणावर पाहतो तर रस्ताभर बदकं! दोनशे तरी असतील. करकचून ब्रेक! तिघेही खाली उतरून हातवारे करायला लागले. "हुश! हुश! चला!" बदकं कसली हलतायत? ती तर उलट गाडीच्या मागे पळायला लागली.

"मागे काय आहे एवढं?" छ्यूलिंगने वळून पाहिलं आणि किंकाळी फोडली.

दोरी सुटली होती. टोपली उताणी पडली होती. शंभर घरचे तांदूळ रस्त्यावर, आणि त्यांच्यावर दोनशे बदकांची पंगत! आग्रहाची गरज नव्हती. दोन मिनिटांत रस्ता असा लख्ख झाला की कुणी झाडून घेतला असावा.

शानबाओ मटकन खाली बसला. "आईचं आयुष्य खाल्लं रे यांनी!"

तेवढ्यात बदकवाले वेईकाका काठी आपटत आले. त्यांनी लाल फडकं पाहिलं, टोपली पाहिली, आणि तेच बोंबलायला लागले. "शिध्याचे तांदूळ होते? अरे, बुडालो की मी! ही बदकं आज बाजारात जायची होती! आयुष्याचे तांदूळ खाल्लेल्या बदकाच्या मानेवर सुरी कोण चालवील? आता काय शंभर वर्षं पोसू यांना?"

"काका, आमची आई तिकडे—"

"आई तुमची, बदकं माझी! निस्तरा!"

मग भर रस्त्यात चौकशी बसली. ताई शाळेच्या खानावळीवर मुकादम. चोर पकडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिने एकेका बदकाची चोच तपासायला घेतली, पण दोनशे चोची कोण बघणार? शेवटी चोचीला अजून दाणे चिकटलेली तीन बदकं सापडली आणि सगळा गुन्हा त्यांच्या माथी मारण्यात आला. "ही घेऊन जा," काका म्हणाले, "बाकीच्यांनी काही खाल्लं नाही. मी पाहिलंच नाही." वर आपल्या डब्यातले मूठभर तांदूळ टोपलीत टाकून म्हणाले, "हे माझ्या घरचे. आता नव्व्याण्णव आणा."

छ्यूलिंग हळूच म्हणाली, "वाण्याकडून एक पोतं घेऊ या का? कुणाला कळतंय?"

"आईला कळतं!" ताई खेकसली. "दाण्याला दाणा सारखा दिसला की ओळखेल. आणि आईच्या आयुष्यात भेसळ करतेस, भवाने?"

शानबाओने घाईघाईने गाडी सुरू केली. वाणी त्याच्याही मनात आला होता.

फोन! "घोडे नदीपाशी पोचले रे!"

"आई, त्यांना जरा पाणी पाजायला सांग!" शानबाओ ओरडला.

उसातून गाडी बाहेर पडली तर समोर सीमेचं फाटक, आणि फाटकापुढे ट्रकांची ही लांब रांग! काजूने भरलेले ट्रक, कागदपत्रांसाठी उभे. एका ट्रकच्या दारात ड्रायव्हर चक्क कुकर लावून बसला होता. वाफ येत होती. शानबाओच्या डोक्यात दिवा पेटला.

"दादा, तुमच्याकडे तांदूळ आहेत?"

"आहेत की. जेवताय?"

"मूठभर हवेत. पण घरचे हवेत. हा ट्रक म्हणजे घर का हो?"

ड्रायव्हरने विचार केला. "वर्षातले दहा महिने मी यातच झोपतो. बायको म्हणते, तेच तुझं घर, तिथेच मर!"

"ताई, घर धर!" शानबाओने बोंब ठोकली.

मग काय! तिघे तीन दिशांना पळाले. सिचुआनवाल्याने लांब दाणा दिला, पार उत्तर टोकाच्या हार्बिनवाल्याने मोत्यासारखा गोल दिला. कान्सूचा ड्रायव्हर म्हणाला, "मी नूडल्सवाला, तांदूळ ठेवतच नाही," आणि त्याने आग्रहाने मूठभर पीठ पुढे केलं. ताईने हात जोडून नको म्हटलं, तर त्याचे डोळेच भरले. "माझीही आई आहे हो!" शेवटी तो शेजारच्या ट्रककडून मूठभर उसने घेऊन आला. पलीकडून भाजी विकायला आलेल्या व्हिएतनामी बायांना भाषा कळली नाही, पण "आई" आणि "रांजण" हाताने दाखवल्यावर त्यांनी ओंजळी भरून दिल्या. छ्यूलिंग ओरडून मोजत होती. "त्र्याण्णव! चौऱ्याण्णव! दादा, त्या निळ्या ट्रकचं दोनदा झालं!"

"काय वाटप चाललंय इथे?" मागून आवाज आला. सीमेवरचा तरुण शिपाई!

"वाटप नाही, साहेब. मागतोय," शानबाओ म्हणाला.

"काय मागताय?"

"आईचं आयुष्य."

शिपायाने टोपली पाहिली. काखेत बदकं धरलेली ताई पाहिली. "तिघं, तीन बदकं, ट्रकाट्रकांतून मुठी गोळा करताय. ओळखपत्रं काढा!"

नेमका फोन वाजला. शानबाओने तो सरळ शिपायाच्या कानाला लावला. पलीकडून आई कडाडली, "मेल्या, घोडे तिसऱ्यांदा पाणी पितायत! फुटतील आता!"

"काकू, मी सीमेवरून बोलतोय—"

"कोण रे तू? माझ्या लेकरांना अडवलंस? तुझ्या आईचा रांजण भरला का तू या वर्षी?"

शिपायाचा चेहरा उतरला. "नाही काकू... रजा मिळाली नाही." फोन परत देऊन तो मुकाट्याने आत गेला आणि येताना भटारखान्यातून सहा जणांच्या सहा मुठी घेऊन आला. सातवी त्याची. "लवकर जा," एवढंच म्हणाला.

शंभर भरल्या! ताई टोपली डोक्यावर धरून बसली आणि छ्यूलिंगने बदकांच्या चोची धरल्या. शानबाओने नकाशा लावायला सांगितला, तोही स्वतःहून.

घरी पोचले तेव्हा मंत्रवाल्या आजींचा घसा बसला होता. घोड्यांना पाणी पाजून झालं होतं, खरारा करून झाला होता, दोन घोड्यांची लग्नंही लावून झाली होती, आणि वऱ्हाड जेवायला बसवायच्या बेतात त्या होत्या. शानबाओला पाहताच त्यांनी एका दमात सगळे घोडे अंगणात आणले. तिघांनी टोपली उचलली आणि रांजणात ओतली. लांब दाणा, गोल दाणा, तांबडा, काळा! रांजण काठोकाठ भरला.

आईने हात घातला. दाणे बोटांतून सोडत राहिली. "खरंच शंभर घरचे आहेत रे," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवर रंग चढला. शानबाओ या वेळी स्वयंपाकघरामागे गेला नाही. तिथेच सगळ्यांसमोर रडला. ताईने त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणजे तशी जोरातच.

मग आईने पलंगाखालून एक भली मोठी करंडी ओढली. आत लाल रंगवलेली उकडलेली अंडी, अगदी मोजून शंभर!

"ज्याने मूठ दिली, त्याच्या घरी एक अंडं. स्वतः जाऊन हातात द्यायचं. जेवढी अंडी राहतील तेवढी वर्षं माझ्यातून वजा! कुठली रे माणसं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाननिंगची इमारत असती तर एका लिफ्टमध्ये काम उरकलं असतं!

"आसपासचीच," शानबाओ पुटपुटला.

"मग बसलात काय? गरम आहेत तोवर निघा!"

फाटकाशी पोचले तर रस्ता मोकळा. कागदपत्रं झाली होती आणि ट्रक आपापल्या वाटेने गेले होते. शिपायाने मात्र आपली सात अंडी आनंदाने घेतली. भाजीवाल्या बाया पलीकडच्या देशात परतल्या होत्या. छ्यूलिंगने नकाशा काढला आणि बराच वेळ बोटाने वर वर सरकवत राहिली. "सगळ्यात लांबचं घर चार हजार किलोमीटर," ती म्हणाली.

शानबाओ रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्याने नकळत करंडीत हात घातला, एक अंडं उचललं आणि दगडावर टिचवलं.

"ठेव ते!" ताई किंचाळली. "हार्बिनचं आहे!"