शिंगाड्याची टरफलं

गजभिये वकिलांच्या काळ्या कोटाच्या उजव्या खिशात कायद्याचं काहीही नसे. उकडलेले शिंगाडे असत. हंगाम नसला तर भुईमुगाच्या शेंगा. खिशाचं अस्तर इतकं मळलेलं, की धोब्याने एकदा कोट परत देताना सांगितलं, "साहेब, एवढा खिसा तुमीच धुवा."

हा सगळा बंदोबस्त पोरांच्या ताब्याच्या केसेससाठी होता. नवरा-बायको भांडत भंडाऱ्याच्या कोर्टात आले, की आम्ही बाकीचे वकील कागद मागायचो. गजभियेसाहेब लेकराच्या हातात शिंगाडा ठेवायचे आणि बाकावर बसून बघत राहायचे, की ते टरफल कोणाकडे देतं.

"खाऊ कोनाकडूनही घेते पोट्टं," ते सांगत. "पन उष्टं टरफल आपल्या मानसाच्याच हातात देते. समजलं का गा?"

मी बहुधा विरुद्ध बाजूला, त्यामुळे हे शास्त्र मला मुळीच पटत नसे. पुराव्याच्या कायद्यात टरफल बसत नाही, असं मी म्हणायचो. "मंग कायदा लहान हाय," म्हणून ते पुढचा शिंगाडा काढत.

एकदा चार वर्षांच्या एका पठ्ठ्याने माय सोडली, बाप सोडला आणि सगळी टरफलं आणून माझ्या मुठीत कोंबली. पुढे कितीतरी दिवस मी बाररूममध्ये शिरलो की साहेब ओरडत, "अजी, मिळाला का नाही ताबा पोट्ट्याचा?" ही बातमी माझ्या बायकोपर्यंत पोचली, आणि तीही भलत्याच अर्थाने. तिची समजूत घालताना माझी सगळी वकिली पणाला लागली.

मग पवनीकडचं एक जोडपं आलं. साहेब बापाचे वकील, मी आईचा. मुलगी नऊएक वर्षांची, मुलगा पाचाचा. दोघं आपसात मिटवूनच आले होते : पोरगा बापाकडे, पोरगी मायकडे. असा सरळ समझोता म्हणजे आमच्या धंद्यात सणच. सह्या तेवढ्या उरल्या होत्या. मी खुशीत चहा सांगितला.

साहेबांनी सवयीने पोरांना शिंगाडे दिले. पोराने दातांनी सोलला आणि टरफलं बहिणीच्या ओंजळीत टाकली. तिने आपलीही त्यातच ठेवली. माय-बाप दोन टोकांना रिकाम्या हातांनी बसून होते.

साहेब उठले. "मी सही नाही करत."

मी कपाळावर हात मारला. त्यांचा अशील तर उडालाच. "साहेब, मले पोरगा भेटून राहिला, मंग तुमाले काय अडचन?"

"जिल्हा तोडला, गोंदिया वेगळा केला, चालते. नकाशाले रडू येत नाही. लेकरं कायले तोडता?"

अशिलाने वकील बदलायची धमकी दिली. "बदल," साहेब म्हणाले आणि पुन्हा बाकावर बसले. तेवढ्यात पोरीने ओढणीच्या टोकाने भावाचं तोंड पुसलं. ते पाहून आधी मायला हुंदका फुटला, मग बापाचा आवाज उतरला. पुढे बोलाचाली खूप झाल्या, पण दुपार कलायच्या आत ठरलं : शाळेच्या दिवसांत दोन्ही पोरं मायकडे, सुट्ट्यांत दोन्ही बापाकडे.

सगळे गेल्यावर मी चिडूनच विचारलं, "सह्यांचं काम दुपारपर्यंत लांबवलं, वर तुमच्याच अशिलाच्या हातात आलेला पोरगा घालवला, साहेब. काहून?"

ते बाकावर सांडलेली टरफलं गोळा करत होते. "माह्या माय-बापाची फारकत झाली, तवा आमचीही वाटनी झाली. मी बापासंगं लाखांदूरले, बाई मायसंगं सानगडीले."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांना बहीण आहे, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकही नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मग आता भेट होत नाही?"

"होते ना. येते माह्या घरी. चांगली बोलते, पोरायले खाऊ आनते. पन तहान लागली का पानी मांगते. सख्खी बहीन भावाच्या घरी पानी मांगत असते का गा? आपल्या हातानं घेते."