रूपराव सरांचा गाल

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पिपरी मेघेच्या एका शाळेच्या वसतिगृहात गालगुंडाची साथ आली. गाल फुगलेल्या पोरांना हेडमास्तर आनंदरावांनी मागच्या लांब खोलीत वेगळं ठेवलं. सोबतीला संगीताचे वासुदेवराव गेले, कारण त्यांना गालगुंड लहानपणीच होऊन गेलं होतं. कवायतीचे मास्तर रूपराव यांना ते झालं नव्हतं, म्हणून त्यांना तिकडे फिरकायचीही मनाई होती.

सुरुवातीला पोरांनी जेवण टाकलं, आईच्या आठवणीनं रडून खोली डोक्यावर घेतली. रूपरावांना वाईट वाटलं आणि आत कुठेतरी बरंही वाटलं. वासुदेवरावांना जमणार नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. पण एका सकाळी त्याच खोलीतून हसण्याचा गलका ऐकू आला. दाराशी ताटं ठेवून परतणाऱ्या स्वयंपाकीण शकुबाईंना त्यांनी गाठलं.

"पोट्टे व्यायाम करून राह्यले, पेटीच्या तालावर," शकुबाई म्हणाल्या. "थांबा म्हटलं तं रुसतात."

हे रूपरावांच्या काळजाला झोंबलं. त्यांची शिट्टी वाजली की अर्ध्या पोरांचं पोट दुखायचं.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी पानाचा तोबरा भरला, मागच्या खिडकीशी बादली उपडी घातली आणि तिच्यावर चढून ते आत डोकावले. वासुदेवराव पेटी वाजवत सांगत होते, "आता मायसंग विहिरीवर जा, पाणी ओढा." पोरं कमरेत वाकून नसलेला दोर ओढत होती. मग कापूस वेचला, मग दळण दळलं. घरच्या आठवणीनं रडणारी पोरं घरचीच कामं करत खिदळत होती. रूपराव जळून खाक झाले.

तेवढ्यात मागे खाकरण्याचा आवाज आला. आनंदराव डॉक्टरांना घेऊन उभे होते. शाळेच्या आवारात पान खाणार नाही, अशी शपथ रूपरावांनी याच आनंदरावांसमोर घेतली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

डॉक्टरांची नजर त्यांच्या फुगलेल्या गालावर गेली. तोंड उघडा म्हणाले, रूपरावांनी नकारार्थी मान हलवली. दुखतं का, असं विचारलं, तेव्हा काय करणार? मान डोलावली.

"घ्या आत," डॉक्टर म्हणाले.

दार लागताच रूपरावांनी पान गिळलं. उचक्या लागल्या, डोकं गरगरलं. पोरांनी त्यांना मायेनं खाटेवर निजवून घोंगडी पांघरली. दुसऱ्या सकाळी व्यायाम सुरू झाला तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा नाचणगावचा कवडू, सहावीतलं मूठभर पोर, जवळ येऊन म्हणाला, "सर, तुमी झोपा. तुमाले नाई जमणार हे."

जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेला माणूस तो. ताडकन उठून रांगेत उभा राहिला आणि दोर ओढू लागला.

"रूपराव, बादली भरेल हाय," वासुदेवराव पेटीवरून मान न उचलता म्हणाले. "रिकामी असल्यावानी काऊन ओढून राह्यले?"

पोरं फिसकन हसली. रूपराव घाम फुटेस्तोवर ओढत राहिले. शेवटी वासुदेवराव उठले, त्यांच्यापर्यंत आले आणि त्यांना ओलांडून त्यांनी कवडूची पाठ थोपटली. कवडूच्या बादलीतलं पाणी हिंदकळताना दिसतं, म्हणाले. त्या दिवशी रूपरावांना जेवण गोड लागलं नाही.

डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा रूपरावांचा गाल साफ बसला होता. इतक्या लवकर उतरलेलं गालगुंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दार उघडून धरलं आणि खुशाल घरी जायला सांगितलं.

रूपरावांनी वळून पाहिलं. पेटीचा सूर लागला होता आणि पहिल्या रांगेत मधोमध कवडू उभा होता.

"अजून ठणकते, डॉक्टरसाहेब," ते गालावर हात ठेवून म्हणाले.

"अहो, हा दुसरा गाल आहे."

"याच्यातच ठणकते," रूपराव म्हणाले आणि कवडूला कोपरानं सरकवून पहिल्या रांगेत घुसले.