मंगळवारपासूनची घरघर

गुप्तहेर आणि कोर्टाचा बेलिफ यांत फरक एवढाच, की गुप्तहेराला शोधायचा माणूस लपलेला असतो आणि बेलिफाला शोधायचा माणूस स्वतः दार उघडून "ते घरी नाहीत" असं सांगतो. अकोल्याच्या कोर्टात एकतीस वर्षं मी समन्स बजावले. धान्याच्या कोठीत बसलेला प्रतिवादी मी नुसत्या शिंकेवरून ओळखला आहे. एवढी दृष्टी निवृत्तीनंतर वाया जाऊ नये म्हणून मी खासगी तपास सुरू केला आणि दारावर मोठी पाटी लावली: 'रामराव, गुप्तहेर'. ती वाचून माझी बायको कुंदा म्हणाली, "पाटी लावल्यावर गुप्त कायचं राह्यलं?" थोर माणसं असल्या शंकांना उत्तर देत नसतात.

त्या सोमवारी सकाळी अमरावतीहून पुतणी पौर्णिमाचा फोन आला. ती अचलपूरच्या एका शाळेत शिकवते आणि रोज एसटीने उभ्याने जाते-येते. घरबसल्या पुस्तकं वाचून त्यांचं रेकॉर्डिंग करून द्यायचं काम तिला मिळण्यासारखं होतं. त्यासाठी नमुना पाठवायचा होता. पाठवलेले दोन नमुने कंपनीने 'मागे घरघर ऐकू येते' असा शेरा मारून परत केले. तिसरा आणि शेवटचा आज पाच वाजेपर्यंत.

"काका, आज नाई गेला तं संपलं," ती म्हणाली. "मंग जलमभर अचलपूरची एसटी."

मी पहिल्या बसने निघालो. कुंदाही आली, पण केवळ तिच्या जावेला, म्हणजे पौर्णिमाच्या आईला, माणिकवहिनींना भेटायला. तपासाशी तिचा काही संबंध नव्हता.

पौर्णिमा रेकॉर्डिंग करते ती धान्याची खोली. तिला खिडकी नाही, त्यामुळे रस्त्याचा आवाज येत नाही. टेबलावर माइक आणि लॅपटॉप एवढंच मावतं, म्हणून टेबलाला टेकून असलेल्या पत्र्याच्या मोठ्या कोठीवर तिने हार्ड डिस्क ठेवली होती. ती डिस्क मी लगेच ओळखली, कारण महिन्यापूर्वी दुकानात ती मीच निवडली होती.

दुकानदार ललितने दोन प्रकार दाखवले होते. एक पारले बिस्किटाएवढी, आणि दुसरी लहान विटेएवढी.

"ही लहान घ्या काकाजी," ललित म्हणाला. "रेकॉर्डिंगले हेच बरी. हिच्यात काही फिरत नाई."

"आणि मोठीत?"

"तिच्यात चकती फिरते."

"जी फिरतच नाही ती चालू आहे हे कळणार कसं?" मी विचारलं. ललितने दोन्ही माझ्यापुढे सरकवल्या. मग मी दोन्ही हातांत तोलल्या, टरबुजासारख्या टिचक्या मारल्या आणि वजनदार घेतली. वस्तू हातात घेतल्यावर घेतल्यासारखी वाटली पाहिजे.

त्यामुळे संशयितांच्या यादीतून हार्ड डिस्क मी आधीच वगळली. शिवाय पहिले तीन आठवडे तिने चकार शब्द काढला नव्हता. घरघर मागच्या मंगळवारपासून सुरू झाली होती.

"मंगळवारी काय घडलं?" मी वहिनींना विचारलं.

"काय घडते बाप्पा? मानूस लावून गहू वर गच्चीवर नेला, ऊन द्याले. जुईली आलती, पन्हं पिऊन गेली. आन बाजूच्या नत्थुजीनं कूलर काढून लावला."

गहू मी वहीतून खोडला. साक्षीदार नेहमीच फालतू तपशील देतात. उरले कूलर आणि जुईली.

नत्थुजींच्या दारात उभं राहून मी खणखणीत आवाजात सांगितलं, "तुमच्या कूलरविरुद्ध तक्रार आहे."

"कोन्या कोर्टाची?" ते घाबरून म्हणाले आणि कूलर बंद केला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. बिचारे डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पायरीवर बसले. इकडे पौर्णिमाने पुन्हा वाचून पाहिलं, आणि हेडफोनमध्ये घरघर जशीच्या तशी. मी त्यांना कूलर सुरू करू दिला नाही. एकदा पकडलेला संशयित असा सोडत नसतात.

मग मी फ्रिज बंद केला. घरघर कायम, आणि पन्हं तेवढं कोमट झालं.

आता जुईली उरली. ती पौर्णिमाच्याच शाळेत, आणि तिनेही याच कामासाठी अर्ज केलेला. मी तिला फोन लावला.

"मंगळवारी पन्ह्याचे किती ग्लास घेतले?"

"दोन."

"दुसरा कशासाठी?"

"पह्यला संपला म्हनून," ती म्हणाली. उत्तर फारच तयार होतं. पहिला ग्लास पिताना जागा हेरली आणि दुसरा पिताना घरघरणारं यंत्र पुरलं, हे मला स्वच्छ दिसलं. मी वरवंटा घेतला आणि खोलीतली एकेक फरशी ठोकायला बसलो. सतराव्या फरशीवर पौर्णिमाने हेडफोन काढून ठेवला.

"काका, तीन वाजले. आता तं तुमीच आवाज करून राहिले."

तिचे डोळे भरून आले होते. मला मनापासून वाईट वाटलं. मी वरवंटा खाली ठेवला.

एवढ्यात कुंदा आत आली. तिच्या हातात कडुलिंबाचा पाला होता. गहू भरण्याआधी कोठीत घालायचा म्हणून ती कोठी कोरडी आहे का ते बघत होती. तिने पत्र्यावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"वो, हे कोठी कायले गुरगुरून राहिली?"

मी हात ठेवला. कोठी खरोखरच गुरगुरत होती.

"ह्या डबड्यात काहीतरी फिरते न?" कुंदा म्हणाली. "भरल्या कोठीवर गप होतं. मंगळवारी गहू वर गेला, कोठी झाली रिकामा ढोल. आन माइकचं टेबल टेकलं हाय तिले. कोनं आनलं हे डबडं?"

पौर्णिमा छताकडे बघायला लागली. पुतणीचे संस्कार चांगले आहेत.

गुप्तहेराची खरी परीक्षा अशाच क्षणी होते. "सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे," मी म्हणालो. "कोठीत वजन नाही म्हणून ती बोलते. गहू परत भरला की गप्प होईल."

कुंदाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हाव," ती म्हणाली. "तुमी म्हन्ता तं बरोबरच असन. आना मंग खाली. पोते दाराबाहेरच ठेवा."

मी नत्थुजींनाही जुंपलं. कूलर बंद असल्यामुळे त्यांना घरात बसण्यासारखं काही नव्हतंच. गच्चीवर पाय भाजत होते. आम्ही गहू गोळा केला, पोत्यांत भरला आणि एकेक पोतं दोघांनी धरून सहा पोती जिन्यावरून उतरवली. धान्याच्या खोलीचं दार आतून बंद होतं. शेवटचं पोतं टेकवलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

दार उघडलं. पौर्णिमा मोबाइल नाचवत बाहेर आली. नमुना गेला होता, आणि कंपनीचं उत्तरही आलं होतं: 'आवाज स्वच्छ. पहिलं पुस्तक पाठवत आहोत.' ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगितलं होतं ना," मी म्हणालो, "गहू भरला की…"

आणि मी आत पाहिलं. कोठी रिकामीच होती. हार्ड डिस्क पलीकडच्या कोपऱ्यात, चौघडी केलेल्या गोधडीवर निवांत बसली होती.

"मग गहू?" मी विचारलं.

"गहू तं आनाचाच होता," कुंदा म्हणाली. "माणिकबाईचे गुडघे दुखतात. चार दिवसांपासून मानूस पाहून राहिल्या, कोनी भेटेच ना."

मी पोत्यावर बसलो. शेजारी टॉवेलने मान पुसत नत्थुजी उभे होते. 

"रामरावजी," शेवटी ते हळूच म्हणाले, "आता कूलर लावू काय मी?"