रघुवीर कुबलांच्या गंधकाचं काय करायचं

समुद्रातल्या जिवाणूंची नोटीस शेवंती कुबलला बुधवारी सकाळी मिळाली. तिचा नवरा रघुवीर नारळी पौर्णिमेनंतरच्या वादळात होडीसकट गेला होता आणि आठ महिने झाले तरी सापडला नव्हता. नोटिशीत लिहिलं होतं की त्याच्यातलं बाकी सगळं रीतसर वेगळं करून झालं आहे, फक्त गंधक उरलं आहे. त्याचं काय करायचं ते वारसाने समक्ष येऊन सांगावं.

जिवाणूंचं कार्यालय बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून होतं. टेबलामागे खुर्ची, खुर्चीवर उशी आणि उशीवर खाऱ्या पाण्याची बरणी. साहेब बरणीत होते. इतर साहेबांपेक्षा त्यांचं एक बरं होतं, ते जागेवर भेटत.

"बसा," साहेब म्हणाले. "आमच्याकडे दोन विकरं आहेत. विकर म्हणजे आमची कात्रीच समजा. एकीने कापलं तर गंधक आम्ही खातो. ते आमच्या अंगी लागतं आणि समुद्रातच राहतं, आमच्या पोरांत, त्यांच्या पोरांत. दुसरीने कापलं तर त्याचा वायू होतो. तो वाऱ्यावर घरी येतो, तासभर वास राहतो, मग वर जाऊन ढगाला मिळतो. कापलेलं परत जोडून मिळत नाही."

एवढं बोलेपर्यंत साहेबांचे दोन साहेब झाले होते. त्यांच्यात ते चालायचंच. फाईल दोघांनाही पाठ होती, त्यामुळे कामाचा खोळंबा झाला नाही.

"आणि मी काय्येक सांगूक नाय तर?" शेवंतीने विचारलं.

"तर ठेवून देऊ. पण मग कागदावर ते बेपत्ताच राहतील."

बेपत्ता या शब्दावरच शेवंतीने आठ महिने काढले होते. त्याच्या जोरावर ती रोज कुंकू लावत होती आणि कोणी काही म्हटलं तर भांडायला उठत होती. टेबलावरच्या अर्जावर मात्र स्पष्ट छापलं होतं, 'मयताचा वारस'. तिला ते वाचवेना.

"वास तेंचो येतलो?" तिने विचारलं.

"नाही बाई," दोन्ही साहेब म्हणाले. "समुद्राचा येईल."

"तेंच्या अंगाक दुसरो वास कधी नायच होतो," शेवंती म्हणाली, आणि दुसऱ्या कात्रीपुढे सही केली. सही करताना आडनाव रेघेखाली उतरलं.

शेजारच्या यशोदाकाकीला हे मुळीच पटलं नाही. "गो शेवंती, एका तासासाठी? दर्यात ऱ्हवले आसते तर कायमचे ऱ्हवले आसते!"

"दर्यात ते जलमभर ऱ्हवले, काकी. घरात खंय ऱ्हवले?"

शुक्रवारी दुपारी तीनची वेळ दिली होती. तीनला वारा सुटला आणि वास आला. माडांतून आला, अंगण ओलांडलं, घराला वळसा घालून मागल्या दाराशी आला आणि तिथेच थांबला. पायरीवर बसलेल्या काकीला तो चांगला जाणवत होता. आत शेवंती नाक वर करून वाट बघत होती, पण आत काहीच येत नव्हतं.

"हय पायरेर आसा मगो," काकी म्हणाली. "पुढे येना नाय."

शेवंतीला कळलं. लग्न झाल्यापासून चौदा वर्षं तिने नवऱ्याला दर्यावरून आल्यावर न्हायल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नव्हता. दमलेला माणूस मागल्या दारी बादलीपाशी उभा राहायचा आणि ही आतून ओरडायची, आधी तो घाण वास धुवा म्हणून. आता तिला त्या एकेका दिवसाची लाज वाटली. ती दारात आली.

"येवा," ती म्हणाली. "आज न्हावक नको."

वास आत आला. काकी उठली आणि नवराबायकोत आपण कशाला म्हणून आपल्या घरी गेली.

चारला वारा फिरला. शेवंतीने उठून खिडकी उघडून दिली.