नमुना क्रमांक एक

नुकसान लक्षात आलं तो सोमवार होता. आधीच सांगतो, हे माझ्या बायकोच्या जाण्याबद्दल नाही. ते आठ महिन्यांपूर्वी झालं, आणि मी फोन घरी विसरून दूध आणायला गेलो होतो म्हणून ते अख्ख्या इमारतीला माझ्याआधी कळलं. हे दुसरं नुकसान. पार्किंगमध्ये तिच्या मोटरसायकलखाली तळहाताएवढा हिरवा डाग पडला होता आणि कूलंटच्या छोट्या टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती.

मोटरसायकल तिची. घरोघरी जाऊन रुग्णांना इंजेक्शनं देणारी, जखमा बांधणारी ती नर्स. गाडी ती चालवायची आणि तिची बॅग मांडीवर घेऊन मागे मी बसायचो. मी हँडल धरलं ते फक्त गाडी ढकलताना. इंजिन थंड ठेवणारं हे हिरवं पाणी दर दोन वर्षांनी ती स्वतः बदलायची. मला जवळ फिरकू द्यायची नाही. हॉस्पिटलात जायच्या महिनाभर आधी तिने ते शेवटचं बदललं. म्हणजे तिच्या हातचं म्हणून जे काही या घरात उरलं होतं, त्यात हे दीड लिटर पाणीही आलं. ती गेल्यापासून मी रोज सकाळी गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटं सुरू ठेवायचो. पुढच्या रविवारी मुलगी गाडी कायमची न्यायला येणार होती, आणि आईने भरलेल्या पाण्यासकट देईन असा शब्द मी तिला दिला होता.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी चौतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरचं पाणी सांभाळलं आहे. पाण्याचा नमुना काढायचा, तपासायचा, औषध घालायचं, वहीत नोंद करायची, हेच माझं काम. तीन मजली बॉयलर सांभाळलेल्या माणसाला मोटरसायकल देणं म्हणजे माहुताला मांजर राखायला देण्यासारखं आहे! असं मी त्या सोमवारी, गळतीचं नाव न काढता, मेहुण्यालाही सांगितलं. तो, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्या वरच्याच मजल्यावर राहतो. त्याने नुसती मान डोलावली. तो मान डोलावतो तेव्हा मला शंका यायला हवी होती.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात कूलंट मागितला. दुकानदाराने विचारलं, हिरवा देऊ, लाल देऊ की निळा? मी त्याला पाण्यातले क्षार, गंज आणि उकळबिंदू यांवर पाऊण तास समजावून सांगितलं. त्याने तीन गिऱ्हाइकं करत करत ते ऐकलं आणि म्हणाला, "काका, ते सगळं बरोबर आहे. रंग कुठला?"

हिरवा, म्हटलं. दुकानात होता तेवढा सगळा घेतला. शिवाय गंज रोखणारी एक बाटली, गळती बंद करणारी पावडर, आणि आणखी एक बाटली. ती काय करते हे दुकानदारालाही माहीत नव्हतं, पण चांगली खपते म्हणाला.

घरी येऊन बायकोच्या सामानातली सिरिंज काढली, टाकीतून थोडं पाणी खेचून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि चिठ्ठी लावली: नमुना क्रमांक एक. मग तिन्ही औषधं घातली. औषध घातल्यानंतरचं पाणीही तपासायला हवं म्हणून अजून थोडं काढलं, तो नमुना दोन. नवीन हिरवा कूलंट मात्र बेताने, खालच्या रेघेपर्यंतच घातला. बॉयलरचा नियमच आहे, थोडं घालायचं, वाट बघायची.

मंगळवारी सकाळी पातळी चार बोटं वर आली होती.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गळणाऱ्या टाकीतलं पाणी रात्रीतून वाढत नाही, निदान आमच्या कारखान्यात तरी वाढत नसे. रंगही चहासारखा झाला होता. बॉयलरमध्ये पाणी जास्त झालं की जास्तीचं काढून टाकायचं असतं. मीही सिरिंजने काढून पातळी रेघेवर आणली. नमुना तीन.

बुधवारी पुन्हा तेच. काढलं. दुपारी मुलगी आपलं हेल्मेट ठेवायला येऊन गेली. गुरुवारी पातळी वरच्या रेघेला टेकली होती आणि रंग गटाराच्या तोंडाला शोभेल असा! काढलं. शुक्रवारी, शनिवारी, पुन्हा वाढ. स्वयंपाकघराच्या खिडकीत नमुन्यांची रांग लागली, हिरव्यापासून चिखलापर्यंत, जणू एखाद्या नदीची जीवनकहाणी.

कोण भरतं, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. रात्री कुलूपबंद पार्किंगमध्ये तिची टाकी भरणारं माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस येत होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वहीत मी लिहिलं, "वाढ. कारण अज्ञात." पण त्या आठवड्यात मी सकाळी लवकर उठत होतो, हे खरं.

रविवारी मुलगी आली. मेहुणाही खाली उतरला. तिने गाडी सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत लाल दिवा लागला, इंजिनाखालून वाफ आली आणि नळीतून तपकिरी, बुळबुळीत लगदा ओघळला. तिने लगेच इंजिन बंद केलं. मग आम्ही तिघांनी गाडी ढकलत दोन गल्ल्या पलीकडच्या गॅरेजात नेली.

मेकॅनिकने गाडी गार होऊ दिली, रेडिएटरचं झाकण उघडलं, काडीने ढवळलं आणि आमच्याकडे बघितलं.

"यात किती जणांनी हात घातलाय?"

"एकाने," मी म्हणालो.

मेहुणा छताकडे बघायला लागला. मुलगी खाकरली.

मेहुण्याने सांगितलं ते असं. सोमवारीच त्याला पातळी खाली दिसली. गाडी गळतेय हे कळलं तर भाऊजी मनाला लावून घेतील, म्हणून त्याने गुपचूप लाल कूलंट घातला. किती वेळा, मी विचारलं. रोज, म्हणाला, रोज कमीच व्हायचं ना! मुलीनेही बुधवारी तेच केलं होतं, तिच्या बाबांना कळू नये म्हणून. तिचा निळा. तिला हिरवाच हवा होता, पण एक काका दुकानातला सगळा घेऊन गेले होते.

मेकॅनिक म्हणाला, तीन जातीचे कूलंट एकत्र आले की असा लगदा होतो, आणि त्यात ही पावडर म्हणजे लगद्याला सिमेंट. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि होज पाइपवरचा क्लॅम्प अर्धा फेरा आवळला. गळती एवढीच होती.

"आता हे सगळं काढून धुवावं लागेल," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. "सगळं नको. त्यात हिने भरलेलं पाणी आहे."

त्याने फडकं उचललं. हात पुसत म्हणाला, "सिस्टरनी? काका, बारा वर्षं हे पाणी मीच भरतोय. त्या इथे या स्टुलावर बसायच्या, माझ्या आईचं बीपी बघायच्या. मला बजावून ठेवलं होतं, घरी बोलायचं नाही. घरी वाटतं मीच करते, तर वाटू दे."

आधी मुलगी हसली. मग मेहुणा. मग मीही हसलो, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि जरा जास्तच वेळ. मुलीने मला त्या स्टुलावर बसवलं.

सगळं धुऊन झाल्यावर मेकॅनिकने विचारलं, कुठला भरू? आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघायला लागलो. त्या आठवड्यापुरते आमचे रंग निवडून झाले होते. मग तोच म्हणाला, "सिस्टर हिरवाच सांगायच्या. गळला तर फरशीवर लगेच दिसतो, आमच्या साहेबांच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणायच्या."

मुलगी संध्याकाळी गाडी घेऊन गेली. पोचल्यावर फोन केला, दिवा लागला नाही म्हणाली.

मेकॅनिकने नमुन्यांबद्दलही बजावलं होतं. हे विष आहे, मोरीत ओतायचं नाही, बाटल्या गॅरेजात आणून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतल्या सगळ्या बाटल्या नेऊन दिल्या. नमुना क्रमांक एक तिच्या औषधांच्या कपाटात कुलपात आहे. तेवढा द्यायचा राहिला आहे.