झिप्पू मुंगसासाठी स्थळ

श्रावणात माझा पिवळा रंग गेला, तेव्हा मी चाहते-सूचक मंडळात नाव नोंदवलं.

मी व्हिडिओ गेममधला मुंगूस आहे. नाव झिप्पू. तीसेक वर्षांपूर्वी मिरजेतल्या दोन भावांनी एका खोलीत बसून मला काढलं आणि करड्या कॅसेटमध्ये घातलं. ती कॅसेट खोचली की मी टीव्हीवर यायचो आणि डावीकडून उजवीकडे धावत, खड्डा आला की उडी मारत, बोरं गोळा करायचो. एवढंच. एवढ्यावर मी काही काळ चांगलाच प्रसिद्ध होतो. कंपासपेटीवर माझं चित्र होतं आणि जत्रेत माझ्या तोंडाचे फुगे मिळत. ते फुगे माझ्यापेक्षा उंदराला जास्त जवळचे होते, आणि त्यावरून मी तेव्हा बराच फणकारा केला होता. आज कुणी तसा एक फुगवला तर मी स्वतः जाऊन त्याचे पाय धरीन.

मला सोळा रंग होते. चाहते विसरतात तसे रंग जातात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त प्रत्येकाला वाटतं की ते इतरांच्या बाबतीत. आधी बुटांच्या नाड्यांचा लाल गेला, मग शेपटीतले दोन्ही तपकिरी. टोपीचा पिवळा गेला तेव्हा सहा उरले होते. सांगलीत पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं.

"रंगवून देतो की," ते म्हणाले, "पण आतनंच येईना झालंय न्हवं? वरनं लावलेलं टिकत नाही बघा."

शेवटचा रंग गेल्यावर काय होतं हे मी त्यांना विचारलं नाही. मला माहीत होतं. दंतमंजनाच्या डबीवरचा ससा माझा शेजारी होता. त्याचा शेवटचा रंग एका गुरुवारी गेला. शुक्रवारी मी त्याच्या खुर्चीत बसून चहा प्यालो, आणि ही खुर्ची कुणाची हे आठवायला मला दुपार झाली.

मंडळ सांगलीतच, विश्रामबागेत आहे. आरवाडेकाकू ते चालवतात. पूर्वी त्या लग्नं जमवायच्या. पोरं मोबाइलवर आपापली जमवू लागली, तेव्हा त्यांनी चाहते जमवायला घेतले. रजिस्टर तेच आहे, फक्त वरची पाटी बदलली आहे.

"फोटोसाठी समोर बघा, झिप्पूराव," काकू म्हणाल्या.

"मला समोरची बाजू नाही."

"म्हणजे?"

"मला बाजूनेच काढलंय. समोर काय असतं ते मलाही माहीत नाही."

काकूंनी चष्मा वर केला, थोडा वेळ पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'बाजूने बरा' असं लिहिलं. मग त्या पुढे विचारत गेल्या. चालणं? फक्त उजवीकडे. डावीकडचा पत्ता असेल तर? उजवी वळणं घेत घेत पोहोचतो, वेळ लागतो. आयुष्यं?

"तीन होती. एक शिल्लक आहे."

"दोन कशात गेली?"

"एक स्टेशनच्या फाटकाजवळ. दुसरं एका कंपनीने मला चारी बाजूंनी गोल करायचं ठरवलं, त्यात. पोट मिळालं, पण ते सांभाळता आलं नाही."

पूर्वी मला मरणाची भीती नव्हती, हे इथे सांगितलं पाहिजे. तिन्ही आयुष्यं संपली तरी कुणीतरी कॅसेट काढून, फुंकून, पुन्हा खोचायचं, आणि मी ताजातवाना उभा. एका रविवारी मी एकशे नव्वद वेळा मेलो आहे. पण आता पुन्हा सुरू करणारं कुणी नाही, म्हणून मी जपून असतो. जिना उतरताना कठडा धरतो.

"अपेक्षा?" काकूंनी शेवटी विचारलं.

"एक तरी."

काकूंनी ते लिहून घेतलं. "अपेक्षा कमी आहेत, हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

पहिलं स्थळ प्रज्वल बिरनाळे या इंजिनिअरिंगच्या मुलाचं आलं. कार्यक्रम रीतसर होता. त्याचे आईवडील समोर, मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बाजूने. पोहे आले. पोहे मला खाता येत नाहीत. मी बशीला शिवतो, टिंग असा आवाज होतो आणि बशीसकट सगळं नाहीसं होतं. प्रज्वलच्या आईंनी दुसरी बशी आणली नाही.

"तुमच्यात किती मोठं जग आहे?" प्रज्वलने विचारलं.

"आठ पडदे आणि एक गुहा."

"गुहेत काय आहे?"

"बोरं."

"डावीकडे जाता येतं?"

"नाही."

"एखादी बोराची बी वगैरे फेकून मारता?"

"नाही हो. मी उडी मारतो."

त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी घड्याळाकडे पाहिलं. "कळवतो आम्ही," ते म्हणाले. पत्ता डावीकडचा असल्याने मला घरी पोहोचायला दोन तास लागले, आणि वाटेत माझा जांभळा गेला.

काकूंचं म्हणणं पडलं की मी थोडं आजच्या काळाचं व्हावं. त्यांनी मला काळं जाकीट घालायला लावलं आणि रागीट भुवई काढून घेतली. माझा डोळा मुळात चार ठिपक्यांचा. त्यातले दोन भुवईला गेले. शिवाय एक ठसकेबाज वाक्य असावं असं ठरलं. मी आठवडाभर आरशापुढे बाजूने उभा राहून 'आता बघाच!' असं म्हणून पाहिलं. मंडळाच्या मेळाव्यात, मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, माइक हातात घेऊन मी ते म्हटलं. समोर अडीचशे माणसं होती. एका आजोबांनी खरोखरच पाहिलं, आणि शेजाऱ्याला विचारलं, "हे उंदराचं काय आहे?" स्टेजवरून उतरताना माझ्याकडे तीन रंग होते, आणि त्यातला एक जाकिटाचा होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की जाकीट मी तिथेच खुर्चीवर ठेवून आलो. राहिले दोन.

"एकच स्थळ उरलंय," काकू फोनवर म्हणाल्या. "पण तोलामोलाचं आहे. अजित मगदूम. लहानपणी तुमचे आठही पडदे पार केलेत म्हणे. पुण्यात असतात, बहिणीकडे आलेत दोन दिवस. आज दुपारी जाऊया."

मगदुमांचं घर गावभागात होतं. गल्लीत पाइप टाकायला लांब चर खणला होता. मी सवयीने त्यावरून उडी मारली, काकू फळीवरून आल्या. अजितराव सोफ्यावर बसले होते. चांगले भारदस्त गृहस्थ. त्यांच्या बहिणीने, हेमांगीताईंनी, दार उघडलं, मला पाहिलं आणि आत पोहे करायला गेल्या.

"अरे, हा तो!" अजितराव म्हणाले. "किती छोटा आहे. आम्हाला तेव्हा केवढा वाटायचा."

"टीव्हीचा आकार होता तो," मी म्हटलं.

"उडी मारून दाखवा की."

माझ्या शेपटीला वायर आहे आणि वायरीला रिमोट. मंडळाच्या नियमाप्रमाणे तो मी पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं. मी उडी मारली, आणि शोकेसच्या उंचीवर, हवेतच, अडकलो.

ही हँग होण्याची तक्रार जुनी आहे. मला हलता येत नाही, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

"झिप्पूराव, खाली या बघू," काकू म्हणाल्या. मी आलो नाही.

अजितरावांनी बटण चार-पाच वेळा दाबलं. मग रिमोट टीपॉयवर ठेवला. "जुन्या वस्तूंचं हे असंच असतं," ते म्हणाले. "काढून ठेवलेलं बरं. उगाच सांभाळत बसायचं."

तेव्हा माझा हिरवा गेला. आता एक करडा उरला होता, आणि तोही कडेने पातळ होत होता. मला ससा आठवला. खूप प्रयत्न करूनही त्याचं नाव आठवलं नाही. मला फार भीती वाटली.

हेमांगीताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं, ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, माझा कान धरला आणि त्यात फुंकर मारली. दोन छोट्या, मग एक लांब.

मी खाली आलो. हिरवा परत आला.

ही फुंकर मी ओळखत होतो. दोन छोट्या आणि एक लांब. इतकी वर्षं माझी अशी समजूत होती की जग सुरू व्हायच्या आधी वारा सुटतो, तशी पद्धतच आहे. तो वारा कुणाचा तरी असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्ही खेळायचात?" मी विचारलं.

"मी कुठली!" हेमांगीताई स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "खेळायचा दादा. मी फुंकायची. मेला की परत फुंकायची. माझा नंबर यायचा तवर आई जेवायला हाक मारायची."

"तुलाच आवडायचं नाही खेळायला," अजितराव म्हणाले.

"तूच म्हणायचास, तू फुंकतेस छान, तूच फुंक."

"मी? कधी?"

"रोज."

अजितरावांनी पोह्यांची बशी उचलली आणि त्यात लक्ष घातलं. काकूंनी रजिस्टर उघडून बोट फिरवलं. "यांचं नाव स्थळात नाही," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम अजितरावांचा आहे."

हेमांगीताईंनी टीपॉयवरचा रिमोट उचलला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांच्या असतील. रक्तपेढीत काम करतात, हे मला नंतर कळलं. त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी धरला, पण उलटा.

"एकदा खेळू?" त्यांनी विचारलं.

"यांचं एकच आयुष्य राहिलंय," काकू घाईने म्हणाल्या. "नोंद आहे इथं."

पहिल्यांदा खेळणारं माणूस पहिल्या खड्ड्यात पडतंच. याला अपवाद मी पाहिलेला नाही. अजितराव तर महिनाभर पडत होते. शिवाय बाहेर चर आयताच होता. नाही म्हणायला माझ्याकडे उत्तम कारण होतं, आणि जपून असण्याचा मला चांगला सराव झाला होता. पण जपून जपून मी काय मिळवलं होतं? एक करडा आणि उधारीसारखा आलेला एक हिरवा.

"घ्या," मी म्हटलं. "आधी रिमोट सुलटा धरा."

आम्ही सगळे बाहेर आलो. मी फाटकाशी उभा राहिलो. हेमांगीताई पायरीवर, काकू रजिस्टर छातीशी धरून, अजितराव बशीसकट. हेमांगीताईंनी बटण दाबलं आणि मी चालू लागलो. चर जवळ आला. मी वाट पाहत होतो. नवशिकी माणसं करतात तेच त्यांनी केलं: बटण दाबण्याऐवजी दोन्ही हात रिमोटसकट वर उचलले आणि स्वतःच पायरीवर टुणकन उडी मारली.

त्यांची उडी छान होती. मी सरळ चरात गेलो.

काळोख झाला. वरून काकूंचा आवाज आला, "झालं! संपलं." मग काही नाही. मला माझे रंग मोजता येईनात, आणि मोजणारा कोण तेही नीट आठवेना.

मग वारा सुटला. दोन छोटे, एक लांब.

हेमांगीताई चरात उतरल्या होत्या. साडीला माती लागली होती आणि एक चप्पल कुठेतरी रुतली होती. माझा कान अजून त्यांच्या हातात होता.

"परत," त्या म्हणाल्या.

मी वर आलो, चार उजवी वळणं घेतली, गिरणी, जैन बसदी, मेडिकल आणि टपरी अशी करून पुन्हा फाटकाशी येऊन उभा राहिलो. दुसऱ्या वेळी त्यांनी बटण फार लवकर दाबलं. तिसऱ्या वेळी फार उशिरा. अंधार पडेपर्यंत आम्ही अकरा वेळा पडलो. अजितरावांनी बाराव्या वेळी हात पुढे करून म्हटलं, "दे, मी दाखवतो."

"तू फुंक," हेमांगीताई म्हणाल्या.

अजितरावांनी फुंकलं. त्यांना नीट जमत नाही, खोकला येतो.

पुढच्या सोमवारी काकूंचा फोन आला. अजितरावांनी नकार कळवला होता: वेळ मिळत नाही, बाकी मुंगूस चांगलं आहे. हेमांगीताईंचं नाव काकूंनी रजिस्टरात वेगळ्या शाईने घातलं आणि पुढे 'जमलं' असं लिहिलं. रकाना चाहत्यांचा होता. हेमांगीताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, चाहती कसली, अजून पहिला खड्डा पार होईना.

महिन्याने पाइप बसले आणि चर बुजवायला माणसं आली. हेमांगीताईंनी त्यांना लेखी अर्ज दिला की आमचं चालू आहे, झालं की सांगतो. मुकादमाने अर्ज वाचला, चराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "माझा आत्ता कुठं नंबर आलाय."

त्याने अर्जावर सही केली आणि माणसं पुढच्या गल्लीत नेली.

काल आमची दोनशे चौदावी खेप होती. मी पलीकडच्या काठाला नखं लावली होती, मग घसरलो. टोपीचा पिवळा परत आला आहे, जरा फिका आहे. हेमांगीताई चरात उतरल्या, आणि मी कान पुढे केला.