अठरा हात दोर

वाघमाऱ्यांच्या कचेरीच्या पिशवीत फायली कमी आणि दोर जास्त असे. अठरा हात दोर, एक छोटा पोहरा आणि पितळेचा फिरकीचा तांब्या. आमचा लातूर जिल्हा नवा, कचेरी नवी, निम्म्या खुर्च्या अजून यायच्या होत्या आणि दोन वर्षं पाऊस कुणी धड पाहिला नव्हता. अशा दिवसांत हा माणूस दौऱ्यावर गेला की आधी आड शोधायचा.

"पानी बघू पहिलं," म्हणायचे. एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. मुरुडचं पाणी भांडकुदळ. रेणापूरचं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावचं, गरीब पण इमानी.

"आणि आपल्या कचेरीच्या नळाचं?" मी एकदा विचारलं.

"ते सरकारी हाय. येतो म्हनून गेलंय, अजून यायचंय."

रामनवमीच्या सुट्टीला आम्ही दोघं जुनं नांदेड बघायला गेलो. मला किल्ला आणि गोदावरीचे घाट बघायचे होते. परतीची गाडी कळल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. थेट गाडी तीनला होती, हे मी वाघमाऱ्यांना चारदा सांगितलं होतं.

किल्ला त्यांनी बाहेरूनच उरकला. मग बोळामागून बोळ. तीन आड सापडले, तिन्ही कोरडे. प्रत्येक आडाबरोबर त्यांची थट्टा आटत गेली.

"वाघमारे, दोन वाजले. गाडी जाईल."

"जाऊ द्या."

असं तोडून ते कधी बोलत नसत. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

चौथ्या आडापासून दहा पावलांवर एक सपाट दगड होता. वाघमारे त्याच्यापाशी थांबले, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाच." मग पोहरा आत सोडला. दोर सरसरत संपला. पाणी खाली चमकत होतं, पण पोहरा वरच लोंबकळत राहिला.

"अठराच हात हाय," ते पुटपुटले. "आई चुकायची न्हाई."

"आईंचा काय संबंध?"

"तिचं माहेर खालच्या वस्तीतलं. आमच्या लोकाला आडाला शिवायची मनाई. ह्या दगडापाशी घागर घिऊन उभं ऱ्हायचं, कुनी घातलं तर घ्यायचं. उभ्या उभ्या ती शेंदनाऱ्यांचे हात मोजायची. अठरा. आता अंथरुनाला खिळलीय. त्याच आडाचं पानी मागती."

माझी आई आमच्या आडावर रोज पाणी शेंदायची. तिनं हात कधीच मोजले नव्हते. मला लाज वाटली.

मी कमरेचा पट्टा काढून दिला. त्यांनी दोराला पट्टा बांधला, पट्ट्याला आपला खांद्यावरचा टॉवेल. तरी हातभर कमी. एका हातानं पँट सावरत मी आडात वाकलो होतो, तेवढ्यात समोरची खिडकी उघडली.

"काय चाललंय? कोन तुमी?" एक म्हातारी बाई.

"आम्ही लातूरच्या कचेरीतले..." मी सुरू केलं. वाघमाऱ्यांनी माझा दंड धरला.

"मी वाघमारे," ते मोठ्यानं म्हणाले. "रेनापूरचा. माझी आई हितल्या खालच्या वस्तीतली."

बाई बघत राहिली. मग खिडकी बंद झाली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. मी घड्याळ बघितलं नाही, हे माझ्या बाबतीत फार झालं.

दार उघडलं. बाईच्या हातात दोराचं भेंडोळं होतं.

"पानी खाली गेलंय लई," ती म्हणाली. "हा बांधा. गाठ नीट मारा, नवा हाय, सुटतो."

वाघमाऱ्यांनी पोहरा वर ओढला. तोंडानं हात मोजत होते. चोवीस. तांब्या भरला, फिरकी आवळली, आणि एक थेंबही जिभेवर घेतला नाही.

तीनची गाडी अर्थातच गेली. दोन गाड्या बदलून परतलो. तांब्या सबंध रस्ताभर त्यांच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"तोंडापाशी तांब्या नेला तर हातानं थांबवला. म्हनली, कुनी घातलं? म्हनलो, कुनी घातलं न्हाई. म्या शेंदलं. मग प्याली."

"आणि चव?"

वाघमाऱ्यांनी समोरची फाईल उघडली.

"इच्यारलीच न्हाई," ते म्हणाले.